ज्ञानोबानं पाठवलेली होडी

कमठाणा, ता. जि. बीदर

आधी हे सांग, ती होडी माझ्या घरी कुणाला विचारून पाठवलीस? तुरीच्या पोत्यांच्या टेम्पोत, वर ताडपत्री टाकून, चोरीचा माल असल्यासारखी. आणि कामून पाठवलीस? साखर मला आहे तशी तुलाही आहे. माझ्या आधीपासून आहे, माझ्याहून जास्त आहे. ज्याला दुखणं आहे त्यानंच त्या दुखण्याचं औषध दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलं, तर त्यात दोनच गोष्टी असू शकतात. एक तर औषध खोटं आहे, न्हाई तर माणूस काहीतरी लपवायलाय. यातलं कुठलं खरं ते मी श्रावणापासून बघायलेय. आता कळलं आहे, म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर तू हसला असतास, “अक्का, तुझा आवाज तुटायलाय” म्हणाला असतास आणि ठेवून दिला असतास. कागदाचा आवाज तुटत नाही.

आता रीत. चि. ज्ञानोबास अक्काचा सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद. (आशीर्वाद थोरली म्हणून देतेय, तू काही चांगलं केलंस म्हणून नाही.) सौ. राजूबाईस वेगळा जय भीम, तुझ्यातला वाटा नको. आम्ही इकडं सर्व खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवावी असं पुढं लिहायचं असतं, पण तू कळवलेली खुशाली मी यापुढं मानणार नाही. ते का, ते ओळीनं येईल. मधे उठू नकोस.

होडी आली त्या दिवशीचं आधी सांगते. टेम्पोवाल्यानं माझ्या सुगतला हाक मारली, चौघांनी मिळून ते लांबडं खोकं उतरवलं आणि ओसरीत आडवं ठेवलं. शेजारची चन्नम्मा भाकरी थापायची सोडून पिठाच्या हातानं बघायला आली. तिला वाटलं फ्रिज आहे, आडवा पडलाय. सुगतनं खोकं फोडलं. आत एक लांब लोखंडी दांडा, त्याच्यावर मागंपुढं सरकणारी पाटाएवढी सीट, साखळीला बांधलेली एक मूठ, पाय बांधायला दोन पट्टे आणि पुढं जाळीत कोंडलेला पंखा. सुगत म्हणाला, “माय, ही होडी हाय. बसल्या जागी वल्हवायची. गुडघ्याला तरास न्हाई आन् साखर उतरती.” चन्नम्मानं विचारलं, पाणी कुठाय. तो म्हणाला, पाणी नसतंय. मग ही जाती कुठं, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, कुठंच जात न्हाई. चन्नम्मा माझ्याकडं बघून म्हणाली, “भागव्वा, तुझा भाऊ मास्तर होता म्हणायलीस न्हवं?” मला तुझी लाज वाटली, हे लिहून ठेवते.

कमठाण्यात होडीत बसलेला माणूस एक नाही. आपल्याकडं विहिरी आहेत, विहिरीत उतरतात, वल्हवत नाहीत. सुगत एकदा कारंजाच्या धरणावर होडीत बसला होता, तेही फोटो काढण्यापुरता, होडी खुंट्याला बांधलेली. सुगतनंच सांगितलं की खऱ्या होडीत वल्हवणारा माणूस जायचं त्या दिशेला पाठ करून बसतो. ते ऐकून मला तू आठवलास. पुढं काय आलंय तिकडं पाठ करून बसायचं आणि मी चाललोय म्हणायचं, हे तुला चांगलं जमतं.

त्याच दिवशी मी तुला फोन लावला होता. तू म्हणालास, “अक्का, मला आता लई बरं वाटायलंय, मला तिची गरज न्हाई. आन् हॉलात जागा अडायली.” तुझ्या कलबुर्गीच्या हॉलात सुगतच्या साखरपुड्याची पंगत बसली होती, ज्ञानोबा. वाढणारे आडवे-उभे फिरत होते तरी कुणाच्या पायावर पाय पडला नाही. तिथं एका दांड्यानं जागा अडली? आणि साखर काही पाहुणी नाही, चार दिवस राहून निघून गेली म्हणायला. त्याच्या आधी किती महिने आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी तुझा फोटो यायचा, अर्ध्या चड्डीत, त्या होडीवर बसलेला, अंगठा वर केलेला. पौर्णिमेचे मेसेज आणि तुझी चड्डी, एवढंच असायचं त्या ग्रुपवर. मग एकाएकी चड्डी बंद झाली आणि लगेच होडी माझ्या दारात. माझ्या मनात तेव्हाच कुसळ रुतलं. पण मी ठरवलं, आधी होडीची झडती घ्यायची, मग तुझी.

होडीच्या आधी जेवणाचं लिहिते, कारण या घरात माझ्यावर दोन्हीकडून पाळत होती. बीदरच्या डॉक्टरनं सांगितलं, गोड बंद, भात बंद, मैदा बंद, ज्वारी खा. (जन्मभर ज्वारीच खाल्ली. सुगतला नोकरी लागली तेव्हा घरात चांगले दिवस आले म्हणून भात आणि चपाती सुरू झाली. त्या चांगल्या दिवसांनी मला साखर दिली आणि आता डॉक्टर मला परत भाकरीवर आणून सोडायलाय. मग मधली वर्षं कशाला घालवली?) सुनेनं म्हणजे ज्योत्स्नानं त्यात आपल्या मनानं ओट्स आणले. ते भिजवले की आपल्या म्हशीसमोर ठेवतो तसं दिसतं. म्हैस तरी शिंग हलवून नको म्हणते. चहात साखर नाही. सुशीला केला तर चुरमुरे कमी आणि कांदाच जास्त. गुळाचा डबा रोज जागा बदलायचा. आज पिठाच्या मागं, उद्या माळ्यावर, एकदा तर तांदळाच्या कोठीत पुरलेला. मी शोधायचे, ती हलवायची. तोंडानं कुणी काही बोलत नव्हतं. उलट ज्योत्स्ना माझ्याशी लई गोड बोलायला लागली. “आई, तुमच्यासाठीच करायलेव आम्ही.” सून एवढं गोड बोलायली म्हणजे घरातलं सगळं गोड हिनंच खाल्लंय, असं मला तेव्हापासून वाटत होतं. ते खरं निघालं, पण ते पुढं.

होडीवर मी पहिल्यांदा बसले ते सुगतचं मन राखायला. आधी त्यानं बसून दाखवलं. चार वेळा ओढलं आणि त्याचा श्वास असा लागला की ज्योत्स्नानं पाणी आणलं. (तुझ्या भाच्याचं पोट सध्या त्याच्या आधी दारातून आत येतं. बीदरजवळच्या कोळारच्या गोदामात सुपरवायझर झाल्यापासून तो फक्त बोट दाखवतो, उचलतात दुसरे.) मग मी शेतात खोचतात तसं लुगडं खोचलं आणि बसले. त्यानं माझे पाय पट्ट्यात आवळले. दोन-चार वेळा मागंपुढं झाले तर डाव्या टाचेला पट्टा असा चावला की मी सुगतच्या पाठीत धपाटा घातला आणि उतरले. टाच लाल झाली होती. दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून बसले. तरी त्या रिकाम्या ओढण्यात माझं मन लागेना. पाणी शेंदावं तर घागर भरते, दळावं तर पीठ पडतं. इथं घाम निघतो आणि समोर काही नाही. मी उतरले आणि त्या दांड्यावर लुगडी वाळत घातली. चांगली वाळतात, तेवढं कबूल करते.

मग भादव्यात मूग निघाले. औंदा ढगाळ हवा होती, झाडाचं पान हलत न्हवतं. बडवलेले मूग खळ्यात पडून, वर भुसा, आणि उपणायला वारं नाही. चन्नम्माचेही तसेच. आम्ही दोघी ओसरीत तोंड पाडून बसलो होतो. मी वाळलेलं लुगडं काढायला म्हणून होडीची मूठ बाजूला ओढली, तर जाळीतून फुर्र करून वारा आला आणि चन्नम्माच्या सुपातला पाला उडाला. ती माझ्याकडं बघायली, मी तिच्याकडं. दोघी एका वेळी उठलो.

होडी खळ्यात नेली. चन्नम्मा स्टुलावर उभी राहून सुपातून मूग सोडायची, मी ओढायचे. ओढलं की वारा, वाऱ्यात भुसा पलीकडं, मूग खाली. मी जरा थांबले की ती वरून ओरडायची, “ओढ गं भागव्वा, वारं पडलं.” सुगतनं सांगितलेल्या ‘व्यायामा’ला मी कधी दम धरला नाही, पण समोर मुगाचा ढीग वाढत असला की उठवत नाही. दुपारपर्यंत माझे उपणून झाले, मग तिचे. मग गल्लीतल्या बायका आपापली पोती घेऊन आल्या. मी रोज बसायला लागले. मूग झाले, उडीद आले. ज्योत्स्नाच्या वाळत घातलेल्या चादरींवर भुसा बसायचा, ती झटकून परत वाळत घालायची. (न भांडता झटकणं मला आवडलं नाही.) बायका मोबदला म्हणून डब्यातून गव्हाची गोड हुग्गी, गूळ भरलेली शेंगाची होळगी, काहीबाही आणायच्या. पण सून दारातच उभी राहून प्रत्येकीचं झाकण काढून हुंगायची आणि गोड असलं की परत पाठवायची. तिखट तेवढं आत सोडायची. जेलात भेटायला येणाऱ्यांना असंच करत असतील.

आता भादव्यातली पौर्णिमा. तुला माहीत आहे, वर्षावासात मी दर पौर्णिमेला अष्टशील घेते. पांढरं लुगडं, सकाळी विहार, आणि दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. नवरा गेल्यापासून एकदाही मोडलं नाही. इकडं डॉक्टरनं बजावलं होतं की संध्याकाळची गोळी चुकवायची नाही, कुठंही असा, काहीही होवो, गोळी चुकवायची नाही. मी दोन्ही शब्द पाळले. शील धरून बाराला तोंड बंद केलं आणि संध्याकाळी पाण्यासोबत गोळी घेतली. वर चन्नम्माचे राहिलेले उडीद उपणायचे होते, उद्या पाऊस येईल म्हणत होते, म्हणून होडीवर बसले. थोड्या वेळानं हाताला कापरं भरलं. अंगाला थंड घाम आला. स्टुलावर मला दोन चन्नम्मा दिसायला लागल्या, आणि खरी एकच ती पुरेशी आहे. मी मूठ सोडली आणि सीटवरून सरकत सरकत मागं गेले ती भुशात.

पुढचं नीट वाच. चन्नम्मा ओरडली. सुगत धावत आला. ज्योत्स्नानं माझं बोट टोचून मशीनवर साखर बघितली आणि म्हणाली, लई खाली गेली, गोड द्या, पटकन गोड द्या. माझे डोळे मिटलेले होते, पण कान जागे होते. ज्योत्स्नाच्या कपाटाचं कुलूप वाजलं. तिच्या साड्यांच्या मागून पेढ्याचा पुडा निघाला. सुगतच्या मोटारसायकलची डिक्की उघडली, त्यातून खोपऱ्याची बर्फी निघाली, अर्धी खाल्लेली. चन्नम्मानं कमरेच्या चंचीतून गुळाचा खडा काढला, त्याला तंबाखू लागलेली होती. ज्या घरात श्रावणापासून मला गोडाचा वास येऊ दिला नाही, त्या घरानं एका दमात माझ्या तोंडात पेढा, बर्फी आणि गूळ कोंबला. मी शुद्धीवर येता येता सगळ्यांच्या जागा लक्षात ठेवल्या. डोळे उघडले तेव्हा ज्योत्स्ना रडायली होती. मी म्हणले, “रडू नको, पुडा कुठला ते सांग.” ती म्हणाली, ती शिकवते त्या शाळेत कुणाला तरी मुलगा झाला त्याचे. मी म्हणले, एवढा मोठा पुडा म्हणजे तिळे झाले असतील.

दुसऱ्या दिवशी बीदरला नेलं. डॉक्टर मलाच रागावला, उपाशीपोटी गोळी कामून घेतली म्हणून. मी म्हणले, तुम्ही म्हणलाव चुकवायची न्हाई. तो म्हणाला, “उपास करायच्या आधी विचारायला पाहिजे आजी, त्या दिवशी गोळी कमी करून देतो, न्हाई तर बंद ठेवतो.” मी म्हणले, तुम्ही गोळी देताना विचारलाव का, की बाई शील धरती का म्हणून? तो खाली बघून लिहायला लागला. रक्त तपासलं. मागची तीन महिन्यांची सरासरी निघते ना, ती चांगली उतरली होती. वजनही उतरलं होतं. त्यानं गोळी कमी केली आणि विचारलं, काय करायलाव? सुगत म्हणाला, होडी वल्हवतेत. डॉक्टर म्हणाला, हेच चालू ठेवा, आता पोटात काही असल्याशिवाय मात्र बसायचं नाही. म्हणजे औषध खोटं नव्हतं, ज्ञानोबा. होडी चांगली आहे. तिथंच तुझा हिशेब उरला.

विहारात भंतेजींनाही विचारलं, दुपारनंतर तोंडात गूळ गेला, शील मोडलं का. ते म्हणाले, आजारी माणसाला औषध म्हणून तूप, तेल, मध, गूळ चालतो, ती मुभा पहिल्यापासून आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी मिळालेली मुभा माझ्या सुनेपर्यंत पोचायला मला भुशात पडावं लागलं. (आता घरात सगळ्यांचं गोड एकाच डब्यात, माझ्या नजरेसमोर राहतं. कुणीच खात नाही, कारण मी बघत असते. सुगत रोज सकाळी माझ्या आधी होडीवर बसतो. उडीद संपलेत, तरी बसवते.)

आता मुख्य. त्याच दिवशी डॉक्टरनं मला टेबलावर आडवं केलं आणि डोळे मिटा म्हणाला. डोळे मीट म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही, मी एक किलकिला ठेवला. त्यानं जाड दोऱ्यासारखं काहीतरी घेतलं आणि माझ्या तळपायाला टोचून विचारायला लागला, “कळायलंय का? आता? इथं?” मी म्हणले, कळायलंय, तुम्ही खेळायलाव का माझ्याशी? तो म्हणाला, आजी, तुम्हाला कळायलंय हे लई चांगलं हाय. जुनी साखर असलेल्या कितीतरी लोकांना तळपायाला काही कळतच नाही. खिळा रुततो, चप्पल चावते, जखम होते, आणि माणूस तसाच हिंडतो, कारण दुखत नाही.

मी टेबलावरच उठून बसले. मला तुझी होडी आठवली. मला पट्टा चावला, मी सुगतला धपाटा घातला, चिंधी बांधली. तुला चावला नसेल. तू रोज सकाळी आवळून बांधला असशील, अंगठा वर करून फोटो काढला असशील, आणि खाली टाच सोलत गेली असेल. मग एक दिवस राजूबाईला फरशीवर रक्ताचा डाग दिसला असेल. आणि तू काय केलंस? डॉक्टरकडं गेलास? नाही. ज्या होडीनं केलं तीच घरातून काढलीस, ती दिसली नाही की टाचही दिसणार नाही म्हणून. हे मी बघितलेलं नाही, पण मी तुझ्याहून थोरली आहे, तुझ्या सगळ्या लबाड्या माझ्यासमोर शिकलास.

तरी मी म्हणलं, आपला संशय असू शकतो, म्हातारपणी येतो. म्हणून मागच्या आठवड्यात सुगत कामानं कलबुर्गीला येणार होता तेव्हा त्याला तुझ्याकडं जायला सांगितलं आणि म्हणले, काही विचारू नको, नुसतं बघ. तो येऊन सांगायला लागला, मामा चांगले आहेत, हसत होते, पंखा लावून बसले होते. मी विचारलं, उठले का? तो म्हणाला, नाही, मामीनंच पाणी आणलं. मी विचारलं, सोडायला आले का? तो म्हणाला, बसल्याजागी हात केला. ज्ञानोबा, तू दूधवाल्याला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला जाणारा माणूस. पाहुणा निघाला की त्याची बस चुकेपर्यंत त्याच्याशी फाटकात बोलणारा. मी विचारलं, पायात काय होतं? सुगत विचार करून म्हणाला, मोजे. घरात, पंखा लावून, कलबुर्गीच्या उकाड्यात. जिथं लोक तापलेल्या भिंतीला हात लावत नाहीत तिथं तू लोकरीचे मोजे घालून बसलायस. आणि वर अत्तराचा वास येत होता म्हणे. तू अत्तर लावणारा माणूस नाहीस. अत्तर कशाच्या वासावर लावलंस?

आमच्या गल्लीतले तात्याराव तुला आठवत असतील. त्यांनी पायाला काटा लागलाय म्हणून सोडून दिलं होतं. दुखत न्हाई, दुखत न्हाई म्हणायचे, हळद लावायचे. आता पायजमा एका बाजूला गुडघ्याखाली गाठ मारून घालतात. सकाळी आमच्या ओसरीत येऊन बसतात, पेपर वाचतात, हसतात, चांगले आहेत. मी त्यांना चहा देते आणि गाठीकडं बघत नाही. तुझ्या पायजम्याची गाठ मला बघायची नाही. मी तुला लहानपणी पाठीवर घेऊन हिंडले, मोठेपणी उचलणार नाही, माझे गुडघे गेलेत.

तर मी तुझ्यावर रागावलेली आहे एवढं समज. बाकी सर्व ठीक. पाऊस बरा झाला. तुरीला फुलं आलीत.

तुझी अक्का,
भागाबाई

ता. क. होडी परत मिळणार नाही, मागू नकोस. हरभरा निघाला की उपणायचा आहे, चन्नम्मानं आधीच नंबर लावलाय. तुझी टाच भरली आणि डॉक्टरनं हो म्हणलं की इथं येऊन वल्हव, माझ्यासमोर, चिंधी बांधून. फोटो काढायला मिळणार नाही.

ता. क. दुसरा. राजूबाईनं शेंगाची होळगी केली असेल तर सुगतजवळ एक द्यावी. एकच. कागदात गुंडाळून, वर भाजीची पिशवी ठेवून. ज्योत्स्ना झाकणं हुंगते, कागद हुंगत नाही. हे वाचून सुगतला सांगू नकोस.

ता. क. तिसरा. हे पत्र पोस्टानं का नाही आलं ते तुझ्या ध्यानात आलं असेल. सुगतनं आणून तुझ्या हातात दिलं आणि तो समोर चहा प्यायला बसलाय. गाडी दारात उभी आहे, भाड्याची आहे, ड्रायव्हर खाली उतरलेला नाही. राजूबाईला मी सकाळीच फोन केला होता. ती पायाचं काही सांगेना, तू शपथ घातलीयस म्हणे, नुसती रडली. मी म्हणले, शपथ न बोलायची घातलीय, हातांना घातली नाही. एवढं लांबड मी मूग-उडदासाठी लावलं नाही, मला इतकं लिहायची हौसही नाही, बोटं आखडलीत. पण तुझी सवय मला ठाऊक आहे, वाचताना तू कागद नाकासमोर धरतोस आणि खाली काय चाललंय ते तुला दिसत नाही. तू हे वाचायला लागलास तेव्हा राजूबाई तुझ्या पायाशी बसली. तिनं डावा मोजा काढला. कापड चिकटलं होतं तिथं पाण्यानं भिजवून सोडवलं. पुसून वर स्वच्छ फडकं गुंडाळलं. हे सगळं होऊन बराच वेळ झाला असेल.

तुला कळलं का काही?

नाही ना. मग आता कागद खाली ठेव आणि बघ. बघून झालं की सुगतच्या खांद्यावर हात टाक, तो पाय जमिनीला लावू नकोस, आणि गाडीत बस. दवाखान्यात डॉक्टरनं काय सांगितलं, टाच राहते का, किती दिवस लागतात, सगळं मला कळलं पाहिजे. उत्तर राजूबाईनं द्यायचं. तुझ्या हातचं आलं तर मी फोडणार नाही.